करंजेलाची दोरी

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. काकती गावच्या वरल्या अंगाचा बसवंत तोंड न पोळताच फुंकून प्यायचा. बाजारातनं आणलेलं मीठ तो जिभेवर ठेवून बघायचा, दुसऱ्याच्या घरचा गूळ आधी नाकाला लावायचा, आणि वाटेत कुणी हसून "काय बसवंता, बरं हाय न्हवं?" म्हटलं, तर घरी येऊन बायकोला विचारायचा, "त्येनं असं का इच्यारलं आसंल गं?"

त्याची बायको ताराबाई तोंडाची फटकळ. ती म्हणायची, "तुम्ही बरं हाईसा का न्हाय, ह्येचा त्येलाबी संशेव आला आसंल."

जगात एका आईवर तेवढा त्याचा संशय नव्हता. बाप गेल्यावर बायाक्कानं दुसऱ्याच्या रानात भांगलणी करून दोन पोरं आणि एक लेक वाढवली. थोरला बसवंत, धाकटा जोतिबा. म्हातारीचं मागणं एकच होतं, माझ्या डोळ्यादेखत ह्या घरात दुसरी चूल मांडू नका. बसवंतानं ते मनात घट्ट धरलं होतं. जोतिबाचं लग्न झालं, खानापूरकडच्या जंगलातली मनुबाई घरात आली, तेव्हापासनं तर त्याला धाकधूकच होती. दुसऱ्याच्या घरची पोर, कधी नवऱ्याच्या कानाला लागेल आणि चूल वेगळी मांडेल, नेम काय?

आणि त्या साली डुकरांनी छळ मांडला.

लढाईचे दिवस होते. रॉकेल कार्डावर मिळायचं, आणि कार्डावर असलं तरी दुकानात नसायचं. टेंभा पेटवून रात्रभर राखण करायची सोय उरली नव्हती. भात पोचट निघालेलं, घरादाराची सगळी भिस्त डोंगराच्या पायथ्याला लाल मातीत लावलेल्या रताळ्यांवर. शिवरात्रीला उपासाच्या बाजारात न्यायची, उरलेली उकडून वर्षाचं पोट भागवायचं. पण डोंगरातनं रानडुकरं उतरायची आणि सऱ्या उलथून टाकायची. सकाळी बघावं तर नांगर फिरल्यागत रान, आणि अर्धवट खाल्लेली रताळी चीक गाळत पडलेली. जोतिबा डबा बडवून बडवून खांद्यातनं गेला. डुकरं डब्याला सरावली.

एका सांजेला जेवताना मनुबाई दाराआडनं ताराबाईला म्हणाली, "आक्का, आमच्याकडं करंजेल लावत्यात. दोरीला चिंध्या बांधायच्या आन् तेलात भिजवून रानाभवती ताणायची. डुकराला डोळं कमी, नाकच सगळं. त्या वासानं त्येला फुडचं कायबी उमगत न्हाय, माघारी फिरतंय."

बसवंताचा घास हातात राहिला. "आन् तेल कुठलं?"

"ओढ्याला करंजाची झाडं हाईत की. बिया येचायच्या, घाण्यावनं काढून आणायचं."

"एवढं सोपं आसंल तर ह्या गावात कुणाला कसं ठावं न्हाय?"

"गावानं इच्यारलं कवा?" ताराबाई म्हणाली. "भाकरी खावा."

बसवंतानं भाकरी मोडली, पण त्याला ते बरं वाटलं नाही. बांधाला तेल, चिंध्या, काळी दोरी. असल्या गोष्टी त्यानं ऐकल्या होत्या, पण त्या पीक राखायच्या नव्हत्या, दुसऱ्याचं पीक बसवायच्या होत्या. तरी आई म्हणाली, "करून तर बघा," आणि आईच्या पुढं त्याचं काही चालत नसे.

दोघी जावांनी पोती भरून करंजाच्या बिया वेचल्या. तम्मण्णा गाणगेर, म्हणजे गावचा तेली, त्या घाण्यात घालायला तयार होईना. करंज घातला की घाणा कडू होतो, मागनं शेंगदाणे घातले तरी गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. शेवटी घाणा धुवायच्या आदल्या दिवशी तो कबूल झाला. बसवंत सकाळपासनं घाण्यापाशी बूड टेकून बसला, नजर तेलाच्या धारेवर.

"येनप्पा बसवंता," कानडी हेल काढत तम्मण्णा म्हणाला, "अर्धं तेल मी पितो असं वाटतंय व्हय तुला? पिऊन बघ जरा."

बसवंतानं खरंच बोट बुडवून जिभेला लावलं. दुसऱ्या दिवशीपर्यंत त्याला भाकरी कडू लागत होती. तम्मण्णानं ही गोष्ट गावभर सांगितली. घराच्या वाटेवर माणसं जीभ बाहेर काढून त्याला दाखवायला लागली, आणि बसवंताच्या मनात आलं, हे सगळं त्या धाकटीपायी.

अंबाडीची दोरी रानाभोवती फिरली. खुंट ठोकले जोतिबानं. दोरी कुठं बांधायची ते मनुबाईनं दाखवलं, गुडघ्याच्या खाली, डुकराचं नाक येतं तिथं. चिंध्या काळ्याभोर आणि जाड तेलानं ओघळणाऱ्या. डोंगराकडच्या कोपऱ्यात दोरीची दोन टोकं एका खुंटाला गाठ मारून बांधली. तेल वाळतं, म्हणून चार-सहा दिवसांनी मनुबाई नारळाच्या करवंटीत तेल आणि कोंबड्याचं पीस घेऊन जायची, आणि एकेक चिंधी पुसत रानाला फेरी मारायची. वास असा, की जोतिबा म्हणाला, "डुकराचं सोड, मलाच रानात यावंसं वाटंना."

पण गुण आला. सकाळी माग दिसायचा. डुकरं दोरीपर्यंत यायची, तिथं माती उकरायची, घुटमळायची आणि वळायची. वळून जायची ती शेजारच्या भावकूच्या रानात.

भावकू बांधावर येऊन उभा राहिला. "बसवंता, तुझी डुकरं माझ्यात आली की रं."

"माझी? मी काय पाळल्यात व्हय?"

"तू न्हाय. पर तुझ्या घरात जे आलंय, त्येचं काय सांगावं?" भावकूनं आवाज खाली आणला. "त्या दोरीला निस्तं तेलच हाय व्हय? खानापूरकडची माणसं लई कायबाय जाणत्यात. फेरी मारताना तुझी धाकटी पुटपुटती. मी ऐकलंय."

बसवंत तिथं हसला. पण संध्याकाळी तो करंजाच्या आडोशाला उभा राहिला आणि खरंच, मनुबाईचे ओठ हलत होते. ती माहेरचं जात्यावरचं गाणं म्हणत होती, पण एवढ्या लांबनं बसवंताला ते कसं कळणार? त्या दिवसापासनं त्यानं तिच्यावर डोळा ठेवला. ती तेलाची बाटली कुठं ठेवते, किती घेते, कुठल्या खुंटापाशी जास्त वेळ बसते. ताराबाईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "पीक राखलं तिनं. आता तिला राखाया तुम्ही लागला. छान!"

मग एळ्ळ अमावास्या आली. ही अमावास्या काकतीच्या ह्या घरातली मूळची नव्हे. बायाक्काचं माहेर संकेश्वराकडच्या काळ्या रानातलं, तिच्याबरोबर ती इकडं आली. त्या दिवशी सगळ्या घरानं रानात जायचं, चुना लावून पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पुरणाचे कडबू, बाजरीची भाकरी, भाजी यांचा नैवेद्य दाखवायचा, आणि उभ्या पिकात लक्ष्मी येते म्हणून रानाभोवती चरग शिंपायचा. बसवंत पुढं 'हुलग्यो, हुलग्यो' म्हणत अन्नाच्या चिमटी टाकत चालला, मागनं जोतिबा पाण्याचा तांब्या घेऊन.

बायाक्का मात्र दोरीपाशी नाकाला पदर लावून उभी राहिली. "आरं, ह्या वासातनं लक्षुमी कशी यायची आत?"

"आई, वास डुकरासाठी हाय. लक्षुमीला त्येचं काय?"

"काय म्हंजे? तिलाबी नाक हाय बाबा. नथ कशात घालती ती मग?"

जोतिबा खदखदून हसला. बसवंतानं "बरं बरं" म्हटलं आणि कडबूवर तूप घातलं. पोटभर जेवून तो आंब्याखाली आडवा झाला. म्हातारी आणि धाकटी सून ताट घेऊन रानात कुठं फिरत राहिल्या, ते त्यानं झोपेत अर्धवट ऐकलं.

घरी परतल्यावर म्हातारी दमून कलंडली, तिला लगेच डोळा लागला. जोतिबा बैलं पाण्यावर घेऊन गेला होता. दिवस मावळायला आला. बसवंत दारात विडी ओढत बसलेला, तर मनुबाई करवंटी पदराआड घेऊन बाहेर पडू लागली.

"कुठं?"

ती थबकली. "रानाकडं, भावजी. एवढं जाऊनशान येते, लगीच."

अमावास्या, तिन्हीसांज, हातात ते काळं तेल, आणि नवरा घरात नाही. भावकूचं बोलणं त्याच्या कानात घुमलं.

"आज काय काम त्या बांधावर?"

मनुबाईनं आत म्हातारीकडं बघितलं. म्हातारी घोरत होती. "काम हाय वाईच."

"उंबऱ्याभाईर पाऊल टाकायचं न्हाय. सांगून ठेवतो."

तिनं म्हातारीकडं पुन्हा एकदा बघितलं आणि करवंटी घेऊन आत गेली. बसवंत तिथंच दारात बसून राहिला, अंधार पडेपर्यंत.

उजाडता-उजाडता बायाक्का संकेश्वराला निघाली. तिकडंच दिलेली लेक अक्काताई बाळंतपणाला टेकली होती, आणि गावातली एक गाडी तिकडं चालली होती. गाडी वळणाआड झाली आणि बसवंत रानाकडं गेला.

बांधावरच तो थांबला.

एक सरी जाग्यावर नव्हती. वेल उपसून मुळ्या आभाळाकडं. रताळी चघळून थुंकलेली, चिखलात खुरांचे ठसे गच्च. कोपऱ्यातलं कडबूचं गोड अन्न चाटून साफ केलेलं. जोतिबा मागनं धावत आला, त्यानं एक वेल हातात धरला आणि लहान पोरागत रडायला लागला. बसवंताला रडू आलं नाही. तो दोरीच्या कडेनं चालत डोंगराकडच्या कोपऱ्याला गेला.

गाठ सुटली होती. तुटली नव्हती, डुकरानं ओढली नव्हती. कुणीतरी हातानं सोडून दोन्ही टोकं नीट गुंडाळून बाजूला ठेवली होती, माणूस जाईल एवढी वाट. खुंटाला हळदीकुंकवाची बोटं. खाली विड्याचं पान, त्यावर हिरवी बांगडी.

"जोत्या, हिकडं ये," तो म्हणाला. "बघ. करणी हाय ही."

आधी तो भावकूवर गेला. भावकूनं कानावर हात ठेवले. "माझ्या आईची आण. मी कशाला शिवू ती घाण? पर खरं सांगू का, काल दुपारी तुमची धाकटी त्याच कोपऱ्यात ताट घिऊन हुभी हुती. बांध आडवा, बाकी कोन दिसलं न्हाय. ती मातर दिसली."

एवढं बस झालं. बसवंताच्या डोक्यात सगळं फटाफट जुळलं. पुटपुटणं, अमावास्या, तिन्हीसांजेचं निघणं. पीक घालवायचं, घरात भांडण लावायचं, आणि नवऱ्याला घेऊन वेगळं व्हायचं. तो घरी न जाता सरळ गुंडू पाटलाकडं गेला, आणि दुपारी लक्ष्मीच्या देवळात गाव जमलं.

मनुबाईला बोलावलं. ती डोक्यावरनं पदर ओढून आली. ताराबाई तिच्या बाजूला उभी राहिली आणि नवऱ्याकडं अशी बघत होती, की बसवंतानं नजर दुसरीकडं वळवली. परडीत भंडारा होता. ह्या देवळातला भंडारा खोटं बोलून उचलला तर वंश बसतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"उचल," बसवंत म्हणाला. "आन् सांग, गाठ तू सोडलीस का न्हाय."

मनुबाईनं भंडारा मुठीत घेतला. "मी सोडली न्हाय."

देवळात कुजबुज झाली. गुंडू पाटील म्हणाला, "झालं की मग."

"थांबा," बसवंत म्हणाला. "मग कुणी सोडली ते तुला ठावं हाय का? तेबी भंडाऱ्यावर सांग."

पिवळी भुकटी मनुबाईच्या बोटांतनं खाली सांडत राहिली.

"सांग की गं," जोतिबा म्हणाला. "ठावं न्हाय म्हण, आन् चल घरला."

तिनं मान खाली घातली. "तसं म्हणाया येत न्हाय मला."

"बघा!" बसवंत ओरडला. "बघा, तोंड कसं बंद झालं! कुणाला सामील हाईस? म्हायेरच्या देवरुषाला?"

पुढं जे झालं ते गावानं बघितलं. जोतिबानं आयुष्यात पहिल्यांदा थोरल्या भावाचा सदरा धरला. पाटलानं सोडवलं. भावकू मान हलवत म्हणाला, मी म्हणतच हुतो. कुणीतरी मनुबाईच्या पायाशी थुंकलं. ती भंडारा परत परडीत घालून हात झाडून निघाली, आणि दिवस कलायच्या आत तिनं आणि जोतिबानं एका गाठोड्यात काय मावलं ते बांधून खानापूरची वाट धरली. जाताना जोतिबा उंबऱ्यातनं म्हणाला, "आईला सांग, धाकट्याची चूल वायली झाली. तूच मांडून दिलीस."

ताराबाईनं त्या रात्री भाकऱ्या थापल्या, त्या पाच जणांच्या सवयीनं थापल्या. उरलेल्या तिनं बैलांना घातल्या.

अक्काताईला मुलगी झाली. बारसं उरकून बायाक्का परतली ती हसतच, पदरात सुंठवडा बांधून. गाडीतनं उतरता-उतरता तिनं आधी विचारलं, "लक्षुमी आली का रं रानात? पीक कसं दिसतंय?"

बसवंत तिच्या हाताला धरून उभा होता. "आई, आत चल."

"मी वाट करून दिलीवती तिला," म्हातारी म्हणाली. "त्या वासातनं कशी यायची बिचारी? डोंगराकडची गाठ सोडली, हळदीकुंकू लावलं, तिच्यासाठी आणलेली हिरवी बांगडी ठेवली. तुला सांगितलं न्हाय, तू वरडला असतास. मनूच्या हातात ताट हुतं, तिलाबी म्हटलं, कुणाला सांगशील तर माझी आण हाय. जोत्याला तर मुळीच न्हाय, त्येच्या पोटात तीळ भिजत न्हाय." ती इकडंतिकडं बघायला लागली. "कुठं हाय मनू?"

बसवंतानं तिचा हात सोडला. "आन् वाट... तशीच उघडी ठेवलीस?"

"खुळा का काय तू? डुकरं याची न्हाईत व्हय? मनूला सांगितलंवतं की, लक्षुमी दिवसाउजेडी आत येती, दिवस मावळला की गाठ मारून ये, वरनं तेल लाव. लई गुणाची पोर. मारलीच आसंल तिनं."

ताराबाई चुलीपुढनं उठून दारात आली. तिनं तो दिवस, ती करवंटी, दारात बसलेला नवरा, सगळं पाहिलं होतं. बसवंताला वाटलं, हिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हातारी अजून विचारत होती, "कुठं गेली पोरं? आरं बोल की!"

तो बोलला. सगळं सांगितलं, देवळापर्यंत. बायाक्का पदरातला सुंठवडा हातात धरून ओट्यावर बसली. मग म्हणाली, "तू तिला दारातनं माघारी फिरवलंस?"

"व्हय."

"मग डुकरं कुणी आत घातली रं?"

दुसऱ्या दिवशी चांदण्या असतानाच बसवंतानं गाडी जुपली. खानापूरच्या पलीकडं जंगलाच्या तोंडाशी मनुबाईचं माहेर, पोचायला दिवस कलला. तिथल्या परसाभोवती तशीच काळी दोरी होती, तोच वास. आत रताळ्याचा हिरवागार वेल पसरलेला, एक पान चघळलेलं नाही.

जोतिबा गोठ्यात होता. त्यानं बघितलं आणि पाठ वळवून शेण ओढत राहिला. मनुबाईनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला, पाव्हण्याला ठेवतात तसा, आणि खांबाआड उभी राहिली.

बसवंतानं वाटेत मनात खूप बोलणी जुळवली होती. ती सोडून तो म्हणाला, "मनू, त्या सांजेला तू गाठ माराया निघालीवतीस."

"व्हय, भावजी."

"मग देवळात सांगितलं का न्हाईस? आईचं नाव घेयाचं नव्हतं तर नसतं घेतलं. निस्तं एवढं सांगायचं, मी बांधाया निघालीवते आन् ह्यांनी अडीवलं."

"तुम्ही इच्यारलं ते सोडणाराचं. बांधणाराचं कुणी इच्यारलंच न्हाय."

गोठ्यातलं फावडं थांबलं होतं. बसवंत तांब्यातल्या पाण्याकडं बघत बसला. त्याला लाज वाटत होती. ती लपवायला तिथं विडीसुद्धा नव्हती.

"आईनं बोलीवलंय," तो म्हणाला. "मी... मीबी बोलवाया आलोय. गाव जमवून चूक झाली म्हणीन. त्याच देवळात."

मनुबाई आत गेली, आणि कापडानं तोंड बांधलेली एक बाटली आणून त्याच्यापुढं ठेवली.

"काय हाय हे?" त्याच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"वेल परत फुटतील तुमचे, मुळं हाईत अजून. त्यास्नी लागंल."

बसवंताचा हात बाटलीच्या कापडाकडं गेला. सोडून नाकाला लावायची, बोट बुडवून जिभेला लावायची, जन्माची खोड ती. मनुबाई बघत होती, गोठ्याच्या दारातनं जोतिबाही बघत होता. बसवंतानं हात मागं घेतला. बाटली तशीच, बांधलेल्या तोंडानं उचलली आणि छातीशी धरून गाडीकडं गेला.

गाडीत वैरण पसरून त्यानं दोघांपुरती जागा केली. मग जू न उचलता तो चाकापाशी खाली बसला, आणि वाट बघत राहिला.